वाचल्यावाचून पाखंड ठरवू नये

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस प्राचीन सीरियातल्या अंत्युखिया शहरात सेरापियन नावाचे बिशप होते. ऱ्होसस या गावातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायात, ‘पेत्राचे शुभवर्तमान’ (शुभवर्तमान म्हणजे येशूचे जीवन किंवा शिकवण सांगणारे पुस्तक) वाचावे की नाही यावरून कुरबूर सुरू झाली, तेव्हा त्यांनी ते पुस्तक न पाहताच, एवढ्यावरूनच तंटा होत असेल तर खुशाल वाचा, असे सांगून टाकले. पुढे त्या वाचनाआडून वेगळीच शिकवण पसरत असल्याचे कानावर आले. तेव्हा ज्यांच्या वापरात ते पुस्तक होते त्यांच्याकडूनच त्यांनी ते मिळवले, वाचून काढले आणि मंडळीला कळवले की यातला बराचसा भाग तारणाऱ्या येशूच्या खऱ्या शिकवणीला धरून आहे, काही भाग मात्र वरून घातलेला आहे. हे सारे चौथ्या शतकातल्या युसेबियसच्या इतिहासामुळे आपल्यापर्यंत पोहोचले. सेरापियन यांचा निष्कर्ष कोणाला पटो वा न पटो, त्यांनी आधी पुस्तक मागवले आणि मग निकाल दिला, ही रीत मला फार मोलाची वाटते.

मी बाप्तिस्मा घेतलेली, दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणारी श्रद्धावंत आहे. आमच्या बायबल अभ्यासगटात मी बायबलमध्ये नसलेले ‘थोमाचे शुभवर्तमान’ वाचण्याविषयी सुचवले, तेव्हा ते पाखंड्यांचे लिखाण आहे, त्याला हातही लावू नये, असे मला बजावण्यात आले. बजावणाऱ्यांनी त्यातले एकही वचन वाचलेले नव्हते, याचे मला खरोखर वाईट वाटले.

नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागाची, 27 पुस्तकांची यादी एका दिवसात ठरली नाही आणि 325 च्या नायसियाच्या बिशपांच्या परिषदेत तर मुळीच नाही, जरी तसे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. सुमारे 180 मध्ये लियॉनचे बिशप इरेनियस शुभवर्तमाने चारच असली पाहिजेत असा आग्रह धरतात आणि त्यासाठी जगाच्या चार दिशांचा आणि चार वाऱ्यांचा दाखला देतात. श्रद्धेच्या जागी राहून विचार केला तरी हे कारण मला पुरेसे वाटत नाही. आज आपल्या हातात असलेली नेमकी 27 नावे अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांच्या 367 च्या पत्रात प्रथम दिसतात. सिनाई हस्तलिखित या चौथ्या शतकातल्या बायबलच्या प्रतीत मात्र नव्या कराराला जोडून बर्णबाचे पत्र आणि ‘हर्मासचा मेंढपाळ’ ही पुस्तकेही आहेत. नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात यादीबाहेरच्या हनोखाच्या ग्रंथातले वचन आलेले आहे, आणि तो ग्रंथ इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही बायबलचा भाग आहे. म्हणजे जी सीमा आपण अचल समजतो ती माणसांनी, वाद घालत, प्रार्थना करत, कधी चुकत आखली. पवित्र आत्म्याने त्यांना मार्ग दाखवला असे मी मानते, पण त्यामुळे त्या वादाचा इतिहास झाकून ठेवण्याचे कारण उरत नाही.

या यादीबाहेर राहिलेल्या पुस्तकांत माझ्या मनाला सर्वांत भिडते ते ‘मरीयेचे शुभवर्तमान’. त्याची कॉप्टिक या जुन्या इजिप्शियन भाषेतली प्रत 1896 मध्ये कैरोत विकत घेतली गेली आणि छापून यायला 1955 साल उजाडले. सुरुवातीची सहा आणि मधली चार पाने हरवलेलीच आहेत. उरलेल्या पानांत मरीया (येशूची आई नव्हे, सहसा मग्दालिया मरीया मानली जाणारी शिष्या) प्रभूने आपल्याला सांगितलेले शिष्यांना सांगते. अंद्रियाचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि पेत्र विचारतो की आपल्याला न कळवता प्रभू एका स्त्रीशी खरेच बोलला का, आता आपण सर्वांनी हिचे ऐकायचे का? मरीया रडू लागते. तेव्हा लेवी हा दुसरा शिष्य पेत्राला म्हणतो की तू पहिल्यापासून तापट आहेस; तारणाऱ्याने तिला योग्य मानले असेल तर तिला नाकारणारा तू कोण? हा प्रसंग असाच घडला असे मी म्हणत नाही. पण आरंभीच्या मंडळ्यांमध्ये स्त्रीच्या अधिकारावरून भांडण होते हे त्यातून उघड दिसते, आणि ते भांडण अजून मिटलेले नाही.

शिवाय बाहेरच्या पुस्तकांशी आपला संबंध नाही, हे म्हणणेही खरे नाही. मरीयामातेच्या आईवडिलांची, अन्ना आणि योवाकीम यांची नावे बायबलमध्ये कुठेही नाहीत. ती ‘याकोबाच्या आद्य शुभवर्तमाना’तून आली, आणि मूल नसलेल्या त्या जोडप्याचे दुःखही तिथेच सविस्तर आले आहे. गोव्यात तळावलीच्या सांताना चर्चमध्ये जुलैच्या अखेरीस तवशांचे फेस्त भरते, तेव्हा अपत्याची आस असलेली जोडपी संत अन्नेला काकड्या अर्पण करतात. त्या भक्तीचे मूळ यादीबाहेरच्या एका पुस्तकात आहे, हे तिथल्या भाविकांना कोणी सांगितले तर त्यांची भक्ती उणी होईल असे मला वाटत नाही.

यातले सगळेच लिखाण सारख्या तोलाचे नाही. थोमाच्याच नावावरच्या बालपणकथेत बाळ येशू रागाच्या भरात दुसऱ्या मुलाचा जीव घेतो. ते पुस्तक बाहेर राहिले याचे मला समाधान आहे. 114 वचनांच्या ‘थोमाच्या शुभवर्तमाना’तले शेवटचे वचन तर मरीयेला स्वर्गाच्या राज्यासाठी पुरुष व्हायला लावते, त्यामुळे बाहेरचे ते सारे उदार आणि आतले ते सारे संकुचित, ही समजूतही टिकत नाही.

माझे मागणे एवढेच आहे की उपासनेत वाचण्याचा अधिकार आणि घरी बसून वाचण्याची मुभा यांत फरक करावा. खुद्द अथानासियस यांनी यादीबाहेरचे ‘हर्मासचा मेंढपाळ’ आणि प्रेषितांची शिकवण सांगणारे ‘दिदाखे’ नवदीक्षितांना वाचू दिले होते. आमच्या गटाने ‘दिदाखे’पासून आरंभ करावा असे मी पुन्हा सुचवणार आहे, ते लहान आहे, एका बैठकीत वाचून होते, आणि डोंगरांवर विखुरलेली भाकर जशी एकत्र येऊन एक झाली तशी तुझी मंडळी एकवटो, ही त्यातली प्रार्थना कोणत्याही मिस्सात शोभेल अशी आहे.