पार्सलीचे बी आणि तक्रारीचा अर्ज

पार्सली, थाईम, रोझमेरी या भूमध्य समुद्राकाठच्या स्वादाच्या वनस्पती सोलापुरात कुंडीत नक्की वाढतात. मात्र पाकिटावर छापलेले वेळापत्रक येथे उलटे करावे लागते. ‘थंडी ओसरल्यावर पेरा’ ही सूचना जेथे हिवाळ्यात जमीन गोठते तेथील लोकांसाठी आहे. आपल्याकडे थंडी ओसरली की पारा चाळिशीची वाट धरतो, म्हणून ऑक्टोबरचा उकाडा संपताच, दिवाळीच्या आसपास, पेरणी उरकावी.

थाईमने काहीच त्रास दिला नाही. त्याचे बारीक बी मातीवर नुसते भुरभुरून वर पाणी फवारले. पुदिना तर मंडईतल्या जुडीच्या काड्यांवरच लागला.

सारा हिवाळा अडला तो पार्सलीपाशी. कोथिंबीर, शेपू, ओवा यांच्याच कुळातली ही वनस्पती उगवायला फार वेळ घेते. दोन ते चार आठवडे लागणे स्वाभाविक आहे. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून देऊन पेरले आणि कुंडीवर ओले गोणपाट अंथरले. संक्रांतीला सोलापुरातली गड्ड्याची यात्रा भरली तरी कुंडी कोरीच होती. उरलेले बी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले, त्यालाही मोड आले नाहीत. मग पाकिटावरची चिकटपट्टी नखाने खरवडली, तर खाली बियांच्या उगवण-चाचणीची आधीची, बरीच जुनी तारीख निघाली. पार्सलीच्या बियांची उगवणक्षमता लवकर घटते, हे विक्रेत्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अर्जात ‘सदोष वस्तूचे छायाचित्र जोडा’ असा सक्तीचा रकाना होता. जे उगवलेच नाही त्याचे छायाचित्र काढायचे तरी कसे? रिकाम्या कुंडीचे पाठवले, तर ‘छायाचित्रात वस्तू दिसत नाही’ असे उत्तर आले. फडक्यावरच्या बियांचे पाठवले, तेव्हा ‘वस्तूची मोडतोड झालेली दिसत नाही’ असे कळले. दर उत्तरागणिक मधले दिवस जात होते आणि थंडी काही त्यांच्या अर्जासाठी थांबणार नव्हती. शेवटी खरवडलेल्या तारखेचे छायाचित्र पाठवल्यावर त्यांना अचानक सारे पटले आणि बदली पाकीट निघाले. ते हाती पडले तेव्हा महाशिवरात्र होऊन गेली होती, म्हणजे थंडी ‘शिव शिव’ म्हणत केव्हाच गेली होती.

तरीही मी ते पेरले, निम्म्याहून अधिक हट्टापायी. कुंडी गच्चीवरून उतरवून मोरीजवळच्या सावलीत ठेवली. रोपे खुरटीच राहिली, पण ऐन उन्हाळ्यात चिमूटभर पाने मिळाली आणि घरच्यांना ती कोथिंबीर वाटली, याचे मला वाईट वाटले नाही.

आधी सांगायला हवे होते ते असे, की रोझमेरी बियांपासून करू नये, रोपवाटिकेतून छाट आणून लावावी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते व त्यात तिची मुळे कुजतात, म्हणून निम्मी तरी जाड वाळू मिसळावी. नळाला काही दिवसांआड पाणी येते, या कारणाने आल्या दिवशी कुंड्या तुडुंब भरण्याचा मोह होतो; थाईम आणि रोझमेरीबाबत तो आवरावा. पार्सलीला मात्र ओल सतत हवी. पेरणीआधी थोडे बी फडक्यात उगवून पाहावे आणि बियांचे पाकीट घेताना चाचणीची तारीख नखाने खरवडून पाहावी, दुकानदार कितीही बघत असला तरी.