बाणातला ण

वक्तृत्व स्पर्धेतल्या परीक्षकांचा गुणतक्ता मार्गदर्शकाला दाखवायचा नसतो. मला तो दिसला, कारण यजमान कॉलेजातला संयोजक माझाच जुना विद्यार्थी, आणि निकालानंतर चहा घेताना तक्त्यांचा गठ्ठा त्याने माझ्यासमोरच उघडा टाकला होता. स्पर्धक क्रमांक सतरा. मांडणी २० पैकी १८. एकूण परिणाम २० पैकी १७. उच्चार २० पैकी ९. आणि त्या नवाच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं, ‘पानी!’ उद्गारचिन्ह दोनदा गिरवलेलं.

सतरा क्रमांक म्हणजे माझी विद्यार्थिनी. अकरावीची, वेल्ह्याकडची, पुण्यात वसतिगृहात राहणारी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि एकोणीस वर्षं मुलांना वक्तृत्व स्पर्धांसाठी तयार करतो. बाहेरच्या लोकांना वाटतं की मुलं भाषण करतात. बहुतेक मुलं सरांचं भाषण म्हणतात. मी लिहितो, ती पाठ करतात, मी हातवारे बसवतो. सात मिनिटांची स्पर्धा असेल तर मी सातशे शब्दांच्या वर जात नाही. मंचावरच्या चालीने मिनिटाला एकशेदहा शब्द धरले तर मुलाला श्वास घ्यायला आणि टाळी आलीच तर थांबायला जागा उरते. पाचव्या मिनिटाला पहिली घंटा. ती वाजली की नवशिकं पोर दचकून वेग वाढवतं, म्हणून सरावाला मी स्टीलचं फुलपात्र आणि चमचा घेऊन बसतो आणि मुद्दाम वाक्याच्या मध्येच वाजवतो. भाषणातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे पॉज. तो मुलांच्या हातून पहिल्या सरावाला एका सेकंदाचा होतो आणि त्यांना तो पाच सेकंदांचा वाटतो.

बाकी मजकुराचं म्हणाल तर सगळीकडे एकच दुकान. मोबाईलवरून आलेली सुवचनं, ती कधी विवेकानंदांच्या नावावर तर कधी लोकमान्यांच्या, सुरुवातीला दोन ओळी कविता, शेवटी ‘चला तर मग, शपथ घेऊया’. शपथ मीही पुष्कळ वेळा लिहिली आहे. शपथेला टाळी पडते.

यंदा दिलेल्या पाच विषयांत एक होता ‘पाणी : काल, आज, उद्या’. ठिबकणारा नळ आणि २०५० सालची तहानलेली पृथ्वी घेऊन निम्मी मुलं येणार हे दिसतच होतं. ही मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, “सर, पानशेत चालंल का?”

मला तर हर्षच झाला. नारायण पेठेतल्या माणसाला पानशेत सांगायला लावणं म्हणजे काय! १२ जुलै १९६१, बुधवार, पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस. माझे वडील नऊ वर्षांचे होते. वाड्याच्या जिन्याच्या कितव्या पायरीवर पाणी आलं, शेजाऱ्यांची पितळी घागर कशी तरंगत गेली, ओसरल्यावर गाळाचा वास किती दिवस गेला नाही, हे आमच्या घरी दर जुलैत सांगितलं जातं, आणि पायरीचा क्रमांक दर वर्षी एकाने वाढतो. त्या रात्री बसून मी सातशे शब्द लिहून टाकले. खचणारे वाडे, बुडालेले पूल, पूरग्रस्तांना मिळालेल्या निसन हटमधले, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या घरांतले संसार. टाळीच्या जागा तीन.

दुसऱ्या दिवशी तिने कागद वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाली, “छान आहे सर. पण आमच्यात पानशेत म्हटलं की हे नसतं.”

“मग काय असतं?”

“गाव बुडालं ते.”

मी मराठीचा शिक्षक आहे, पुण्यात वाढलो, आणि पानशेत हे आधी एक खोरं आहे, त्यात आंबी नावाची नदी आहे आणि त्या नदीकाठी माणसं राहत होती, हे माझ्या सातशे शब्दांत एकदाही आलं नव्हतं. माझ्या लेखी पानशेत म्हणजे एक तारीख होती. तिथून पुढचे चार आठवडे मी कागदाला हात लावला नाही. तिला म्हटलं, तूच गोळा कर, मी फक्त तपासतो. हे मी मोठ्या मनाने केलं असं वाटेल, पण खरं सांगायचं तर मी जरा रुसलोही होतो.

एका शनिवारी तिला घेऊन ओंकारेश्वरापासून नदीकाठाने लकडी पुलापर्यंत चालत गेलो. धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, ही पुण्याची दर पावसाळ्यातली बातमी आहे आणि लोक ती मोबाईलवर टिपायला जातात. भिडे पुलावर उभं करून तिला म्हटलं, आता मान वर करून लकडी पुलाकडे बघ. त्या दिवशी पाणी त्याच्याही वरून गेलं. तिने बराच वेळ पाहिलं. मग पावलांनी भिडे पुलाची लांबी मोजली आणि वहीत लिहिली. ही लांबी भाषणात कुठेच आली नाही, पण मला ती मुलगी तिथे आवडली.

ग्रंथालयांचं वेगळंच. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव अंक बघायचे तर प्राचार्यांचं पत्र आणा, मग ते पत्र लेटरहेडवर आणा, मग संबंधित गृहस्थ रजेवर आहेत. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते हे शहर. ऐकायला इथे हजार माणसं येतात. बोलण्याआधी शोधायला येणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला मात्र स्टुलावर ताटकळत बसवतात. अंक मिळाले तेव्हा तिने पहिलं काम केलं ते माझ्या मजकुरातला मृतांचा आकडा खोडायचं. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा सापडतोय, मग कुठला म्हणू, असा तिचा प्रश्न. तो आकडा माझी पहिली टाळीची जागा होती.

धरण फुटलं कसं, हा भाग मी अवघड मानून टाळला होता. पानशेत मातीचं धरण. काम पुरं झालेलं नव्हतं, आणि त्या पावसाळ्यात ते झपाट्याने भरलं. बांधाच्या पोटातून पाणी बाहेर काढणारा जो मार्ग, त्याच्या दारांची व्यवस्था अपुरी होती. त्या मार्गाच्या बांधकामाने दम सोडला आणि वरचा भराव खचला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर खचलेल्या जागी वाळूची पोती रचली. त्यांनी काही तास ओढून धरले म्हणून फुटायचं ते सकाळी फुटलं, झोपलेल्या शहरावर आलं नाही. त्याच पाण्याने पुढे खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही फोडलं, आणि पुरातून वर आलेल्या पुण्याला प्यायला पाणी उरलं नाही.

मी ‘विमोचक’, ‘भराव’, ‘संधारण’ असे शब्द घालून हे समजावत होतो. तिने मध्येच विचारलं, “म्हणजे मोरी बसली आणि बांध खचला?” म्हटलं, हो. “मग आमच्या खाचरासारखंच की. भाताच्या खाचराचा बांध एकदम फुटत नाही सर. आधी एका जागी बसतो. तिथनं पाणी वरून यायला लागतं आणि मग बांधच घेऊन जातं.” माझ्या त्या सगळ्या समजावणीच्या जागी तिने ही तीन वाक्यं घातली. मी एक शब्द बदलला नाही. एकोणीस वर्षांत असं प्रथमच झालं.

मग आजी. रविवारी गावी जाऊन तिने आजीचं बोलणं मोबाईलवर घेऊन आणलं. आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. आवाज मी कानाला लावून ऐकला, मागे कोंबड्या ओरडत होत्या.

“पानी चढाया लागलं तवा देव काढलं, जातं काढलं. उंबरा कसा काढनार? मंग एक दिस सांगत आलं, धरन फुटलं. पुन्यात पानी आलं. आमच्यात पानी गेलं.”

पाणी गेलं तेव्हा बुडालेलं गाव चिखलातून वर आलं. ही माणसं बघायला गेली. उंबरा तिथंच होता.

ते ऐकून मी काही वेळ बोललो नाही. आमच्या घरात साठ वर्षं जी सकाळ सांगितली जाते, त्याच सकाळी दहा-बारा कोसांवर कुणालातरी आपलं घर परत दिसलं होतं. एवढा मजकूर हातात आल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने बाकी सगळं सोडून द्यावं. मी काय केलं? मी तिचा ‘ण’ काढून बसलो.

मुलगी ‘पानी’ म्हणते. ‘आनि’, ‘कोन’, ‘लोनी’ म्हणते. पुण्यातल्या स्पर्धांना पंचवीस वर्षं जे चार-पाच परीक्षक आलटून पालटून येतात, त्यांच्या कानाला न आणि ण यांतला फरक आधी कळतो, विषय नंतर. पाण्यावरचं भाषण, त्यात ‘पाणी’ अठ्ठावीस वेळा. अठ्ठावीस वेळा कुर्‍हाडीवर पाय. म्हणून रोज कॉलेज सुटल्यावर अर्धा तास : जिभेचं टोक मागे वळव, टाळूला लाव, सोड. बाण, कोण, लोणी, पाणी. नळातला न, बाणातला ण. ती न कुरकुरता म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात ण बसला. इतका बसला की वसतिगृहातल्या मुली तिला ‘बाणबाई’ म्हणायला लागल्या, हे मला नंतर कळलं.

शेवटच्या सरावाला ती आजीच्या वाक्यापाशी आली आणि स्वच्छ, ठसठशीत म्हणाली, “पुण्यात पाणी आलं. आमच्यात पाणी गेलं.” वाक्य जागच्या जागी मेलं. मला ते कळलं. तिलाही कळलं असावं, कारण तिने थांबून विचारलं, “आजीचं वाक्यपण तसंच म्हणायचं ना सर?”

मी म्हणालो, “आजीचं वाक्यपण.”

स्पर्धा सदाशिव पेठेत, पंखे घरघरणाऱ्या सभागृहात. सोळा नळ ठिबकून झाले होते. ती उभी राहिली तेव्हा माईक तिच्या कपाळाच्या उंचीवर होता, तो तिने स्वतः खाली घेतला, घाई न करता. खाचर झालं, पोती झाली, पहिली घंटा वाजली, ती हललीसुद्धा नाही. ण एकेक मोजून पडत होता. मी मागच्या रांगेत बोटांवर मोजत होतो, एकोणीस. मग आजी आली. तिने पॉज घेतला. मी शिकवलेला नव्हे, खूप लांब. आणि म्हणाली, “पुन्यात पानी आलं. आमच्यात पानी गेलं.”

सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. तिथवर ठीक होतं. उद्धृत म्हणून कुणीही मान्य केलं असतं. पण त्यानंतर ती परत ‘ण’वर आलीच नाही. शेवटचं दीड मिनिट ती आजीच्याच बोलीत बोलली, आणि ते शब्द आजीचे नव्हते, तिचे होते. “मग धरन पुन्हा बांधलं. उंबरा पुन्हा पान्यात गेला. तेच पानी तुमच्या नळाला येतं. आता हॉस्टेलवर मीपन तेच पानी पिते.” शपथ नाही, धन्यवाद नाही. दुसरी घंटा वाजून गेल्यावर वीसेक सेकंदांनी ती खाली उतरली. टाळ्या उशिरा आल्या, पण बराच वेळ वाजत राहिल्या.

उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर २०५० सालच्या पृथ्वीला.

निकालानंतर एक परीक्षक स्वतःहून माझ्याकडे आले. सभ्य माणूस, हेतू चांगला. “मुलीत चमक आहे हो. फक्त शुद्ध बोलायला शिकवा. शेवटी भान सुटलं तिचं.” मी ‘हो’ म्हणालो. काय म्हणणार होतो? की तिला शुद्ध बोलायला मीच शिकवलं होतं, आणि ती ते उत्तम शिकलीही होती? बसस्टॉपवर तिला विचारलं, मुद्दाम केलंस की राहून गेलं? ती म्हणाली, “काय सर?” तिला खरंच कळलं नव्हतं, की मला तसं दाखवायचं होतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मग तिने आजीला फोन लावला. आजीने पलीकडून विचारलेलं मलाही ऐकू आलं, “किती जनी व्हत्या ऐकाया?”

आता हे भाषण कॉलेजच्या वार्षिक अंकात घ्यायचं ठरलंय. तिने स्वहस्ते लिहून दिलेल्या प्रतीत पहिली एकोणीस ‘पाणी’ आहेत आणि पुढची नऊ ‘पानी’. जसं बोलली तसं. मुद्रितशोधन करणाऱ्या आमच्या सहकारी बाई काटेकोर आहेत, इतक्या की कॅन्टीनच्या फळ्यावरची वेलांटीसुद्धा पुसून नीट करतात. त्यांनी नऊही ठिकाणी लाल गोल करून प्रत माझ्या सहीसाठी पाठवली.

मी त्यांना म्हटलं, लेखनाच्या नियमांतच आहे, एखाद्याच्या तोंडचं बोलणं लिहायचं तर त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावं. त्या म्हणाल्या, “मान्य. आजीचं वाक्य ठेवा. दोन गोल पुसते. उरलेले सात तर निवेदनातले आहेत.”

मी म्हटलं, भाषण आहे ते, सगळंच तिच्या तोंडचं आहे.

“मग पहिली एकोणीस कुणाच्या तोंडची?” बाईंनी विचारलं.

प्रत टेबलावर आहे. अंक सोमवारी छापखान्यात जातो.