तुम्ही विचारलंत म्हणून: मी कृत्तिकाच का करते?

‘एवढा गळा असून तुम्ही ‘संशयकल्लोळ’मध्ये रेवती सोडून कृत्तिका का करता?’ दर प्रयोगानंतर कुणीतरी विचारतंच. ‘वय झालं’ म्हणते मी. खोटं नाही ते.

दुसरं उत्तर जरा विद्वत्तेचं आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक आधी गद्यात लिहिलं तेव्हा नावातच ‘फाल्गुनराव’ होता. म्हणजे नाटक फाल्गुनराव-कृत्तिका या एकमेकांवर संशय घेणाऱ्या नवराबायकोचं. १९१६ साली पदांसकट ते गंधर्व मंडळीनं केलं, बालगंधर्व रेवती झाले आणि सगळ्यांचे डोळे अश्विनशेठ-रेवती या प्रेमी जोडीकडे लागले. मला हे उत्तर आवडतं, पण ते मागाहून सुचलेलं आहे.

मी रेवतीच करत होते. वय चोवीस, लग्नाला वर्ष झालेलं. शाळेच्या हॉलमध्ये ‘कर हा करी धरिला शुभांगी’ची तालीम चालली होती. एकदा पेटीवाल्या काकांनी भलतीच पट्टी धरली, एकदा अश्विनशेठची सम चुकली. तीनदा पद झालं, तीनदा त्यानं हात धरला. मागच्या बाकावर आमचे हे, स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत. किल्लीचा आवाज थांबला म्हणून मी वळून पाहिलं, तर बाक रिकामा. रात्री जेवताना म्हणाले, “तिसऱ्यांदा खरंच गरज होती?” मला हसू फुटलं. “अगदी फाल्गुनराव!” असं बोलूनही गेले. ते ताटावरून उठले. भातावरचं तूप थिजलं तरी मी तिथंच. सकाळी दिग्दर्शकांना फोन केला, घसा बसलाय.

सक्ती कुणी केली नव्हती, हे मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आले. मग फोन का केलास, बाई? नाटकात बरं असतं. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव सावरतो, तिच्याकडची अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि शेवटी सगळा उलगडा होतो. आमच्याकडे उलगडायला साधी तसबीरही नव्हती.

आणि मी तरी कुठली साधी? दोन महिन्यांनी त्यांच्या शर्टाच्या खिशातलं बसचं तिकीट उजेडात धरून कुठून कुठवरचं ते वाचत होते. कृत्तिकेसाठी मला वेगळी तयारी करावी लागली नाही.

हल्ली ते प्रत्येक प्रयोगाला येतात. शेवटची रांग. फाल्गुनरावाला सगळ्यांत मोठ्यानं तेच हसतात, विंगेतही ओळखू येतं. ‘कर हा करी’ सुरू झालं की मात्र मी कान देऊन उभी असते, किल्ली वाजतेय ना म्हणून.