सीपॅपचा लीक २४ च्या वर गेला म्हणजे नेमकं काय होतं? माझा अनुभव

सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) वापरणाऱ्यांना माहीत असेल, रेसमेड कंपनीच्या एअरसेन्स १० च्या स्क्रीनवर सकाळी मास्क सीलपुढे, म्हणजे मास्क नीट बसला होता का त्यापुढे, हसरा नाहीतर रडका चेहरा येतो. माझ्याकडे जवळजवळ रोज रडकाच. ज्याच्याकडून मशीन घेतलं त्याला फोन केला की उत्तर ठरलेलं, "पट्टे जरा आवळा सर." आवळले. गालावर वळ उठले, नाकाचं हाड लाल झालं आणि लीक, म्हणजे मास्कमधून गळणारी हवा, आहे तिथेच. कुकरची रिंग खराब झाल्यावर झाकण कितीही दाबलं तरी वाफ जाणारच ना, तसलाच प्रकार.

मग भाच्याने लॅपटॉपवर ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून दिलं. मशीनच्या बाजूला एसडी कार्ड असतं ते काढायचं, त्याची ती बारीक लॉकची पट्टी सरकवायची म्हणजे कॉम्प्युटर त्यावर काही लिहीत नाही, आणि लॅपटॉपला लावायचं (परत मशीनमध्ये घालताना लॉक काढायला विसरू नका). अख्ख्या रात्रीचा आलेख समोर येतो, श्वास, प्रेशर, लीक सगळं एकाखाली एक.

आता आकडे. लीकचे दोन दिसतात, एक मीडियन आणि एक ९५ टक्केवाला. माझा मीडियन होता २ आणि ९५ टक्केवाला ३४. म्हणजे अर्धी रात्र लीक मिनिटाला २ लिटर किंवा त्याहून कमी, आणि ९५ टक्के वेळ ३४ च्या आत, ३४ च्या वर फक्त उरलेले ५ टक्के. रेसमेडची लाल रेघ, म्हणजे ज्याच्या वर लीक जास्त धरतात ती मर्यादा, मिनिटाला २४ लिटरवर आहे. नुसता ३४ बघून मला वाटलं होतं की रात्रभर हवा चाललीय बाहेर, पण मीडियन २ म्हणजे मास्क बहुतेक वेळ छान बसलेला होता, जे काही बिघडत होतं ते ठराविक वेळेलाच.

त्यात मेव्हण्याने गोंधळ वाढवला. त्याचं मशीन फिलिप्सचं, त्याचा लीक रोज ३५-३६, आणि तो म्हणे मी तर मस्त झोपतो. भानगड अशी आहे की मास्कला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, उच्छ्वासाची हवा बाहेर जायला, आणि प्रेशर १० ला त्यातूनच तीसेक लिटर जातात, मास्कप्रमाणे थोडं कमीजास्त. फिलिप्स ती हवा धरून एकूण आकडा दाखवतं, रेसमेड ती वजा करून फक्त जादाचा लीक दाखवतं. म्हणून त्याचे ३५ आणि माझे ३४ यांची तुलनाच होऊ शकत नाही. त्याने लार्ज लीक, म्हणजे प्रमाणाबाहेरचा लीक, किती वेळ होता ते बघायचं, ते त्याचं शून्य होतं.

रेसमेडला ही वजाबाकी करायला मास्कचा प्रकार कळावा लागतो, मेनूत नेझल (नाकावरचा), पिलोज (नाकपुड्यांना लागणारा), फुल फेस (नाक-तोंड दोन्ही झाकणारा) असे पर्याय आहेत. मास्क बदलला की तेही बदलायचं, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

खरी मजा आलेखाच्या आकारात आहे. कूस बदलली, उशीला मास्क घासला की लीक एकदम उभा वर जातो आणि मास्क सरकवला की तसाच खाली येतो, सुळक्यासारखा. माझ्याकडे असे एकदोन होते पण मुख्य गोष्ट वेगळीच, पहाटे चारच्या पुढे लीक वर चढायचा आणि वरती सपाट राहायचा, दहा-पंधरा मिनिटं, मग दाणकन खाली, परत वर. माझा मास्क नाकाचा, म्हणजे तोंड उघडं पडत होतं. सकाळी जीभ लाकडासारखी कोरडी का असायची ते तेव्हा कळलं. बायको म्हणाली, "मी कधीची सांगतेय तुम्ही पहाटे फुर्रफुर्र करता म्हणून."

अजून एक, प्रेशरचा आलेखही सोबत बघा. माझं मशीन प्रेशर आपोआप कमीजास्त करतं, आणि माझ्याकडे आधी प्रेशर चढायचं, मग लीक यायचा. आणि लीक खूप असला की मशीनला श्वास नीट मोजता येत नाही, त्यामुळे त्या रात्रीच्या एएचआयवर (तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा) फार भरवसा ठेवू नये. माझा २ च्या आत असायचा पण दिवसभर डोकं जड, हे गणित जुळत नव्हतं ते यामुळेच.

हे सगळं मोबाईलमध्ये फोटो काढून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी नाक तपासलं, ते चोंदलेलं होतंच, त्यावर स्प्रे दिला, प्रेशरची वरची मर्यादा त्यांनीच थोडी कमी केली (हे आपल्या मनाने करू नका प्लीज) आणि फुल फेस मास्क लावून बघा म्हणाल्या. नवा मास्क बसवताना आडवं पडून, मशीनमधलं मास्क फिट चालू करून, झोपायच्या कुशीवर पट्टे ठरवले, बसून बघितलं तर काही उपयोग नाही. कुशन रोज साबणाच्या पाण्याने धुतो, चेहऱ्याचं तेल लागलं की सिलिकॉन घसरतं. मिशी बारीक केली, थोडी नाराजीनेच.

आता ९५ टक्केवाला बहुतेक १० ते १४ मध्ये असतो. पालथा झोपलो की एखादा सुळका लाल रेघेच्या वर जातो अजून, पण जाग येत नसेल आणि डोकं हलकं असेल तर मी तो सोडून देतो. मेव्हणा मात्र आता त्याच्या मशीनच्या आकड्यातून भोकांची हवा वजा करायची सेटिंग ऑस्करमध्ये शोधत बसलाय.