व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये भरूच नका

सदाफुली बहुतेकांच्या दारात असते, तिच्यापासूनच व्हिन्क्रिस्टीन मिळतं. रक्ताच्या कॅन्सरच्या कितीतरी मुलांना या औषधाने वाचवलंय, आमच्या वॉर्डात तर ते रोजचंच. पण ते फक्त शिरेतून द्यायचं असतं. चुकून पाठीच्या कण्यातून गेलं तर पायांपासून लुळेपणा वर चढत जातो आणि पेशंट जवळपास कधीच वाचत नाही. आणि पंचाईत अशी की याच पेशंटना कण्यातूनही मेथोट्रेक्सेट किंवा सायटाराबिन ही कॅन्सरची दुसरी औषधं द्यावी लागतात, कधीकधी त्याच दिवशी. दोन्ही छोट्या सिरिंजा, आणि साध्या सिरिंजचं टोक शिरेच्या लाइनला बसतं तसंच कण्याच्या सुईलाही बसतं.

जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या क्वीन्स मेडिकल सेंटरमध्ये १८ वर्षांच्या एका मुलाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्याचा आजार आटोक्यात आलेला होता, उपचार पुढे चालू होते एवढंच. दोन्ही सिरिंजा एकाच पिशवीतून वॉर्डात आल्या. ज्युनियर डॉक्टर इंजेक्शन देत होता आणि शेजारी नुकताच रुजू झालेला सीनियर. दुसरी सिरिंज हातात आल्यावर ज्युनियरने विचारलंसुद्धा, व्हिन्क्रिस्टीन कण्यातून द्यायचं का, आणि सीनियर हो म्हणाला. मला ही केस विसरताच येत नाही ती या प्रश्नामुळे. शंका आली होती, ती बोलूनही दाखवली होती, पण एकदा सीनियर हो म्हटल्यावर पुढे कोण बोलणार, आपल्याकडे तरी कोण बोलतं? महिनाभरात मुलगा गेला.

सीनियर डॉक्टरला पुढे तुरुंगाची शिक्षा झाली. त्या कुटुंबाचं दुःख बघता कुणाला तरी जाब विचारणं साहजिकच आहे, मी ते नाकारत नाही. पण हीच चूक ब्रिटनमध्ये त्याआधीही अनेकदा झाली होती, वेगवेगळ्या हॉस्पिटलांत, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या हातून, मग दोष एकट्या माणसाचा कसा म्हणायचा? प्रोफेसर ब्रायन टॉफ्ट यांनी या प्रकरणाची चौकशी केली, त्यात औषध कसं पाठवलं, लेबलं कशी होती, नव्या डॉक्टरला काय शिकवलं, कुणी कुणाला काय गृहीत धरलं असं सगळं एकेक करून बाहेर आलं.

आणि उपाय किती साधा निघाला बघा. व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये भरायचंच नाही, फार्मसीतूनच ५० मिलीच्या सलाइनच्या छोट्या बॅगेत घालून पाठवायचं. दोन मिलीची सिरिंज कण्यात रिकामी होऊ शकते, पण लटकवायची बॅग कण्याच्या सुईला लावायला कुणी जाणार नाही, कितीही थकलेला असो, रात्रीचे तीन वाजलेले असोत. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितलं. काहीजण म्हणतात की बॅगेतून देताना औषध शिरेबाहेर गळलं तर जखम होईल. काळजी रास्त आहे, पण म्हणूनच सिस्टरने ती पाच-दहा मिनिटं शेजारी उभं राहून शीर बघत राहायचं. पुढे कण्यासाठी वेगळ्या मापाची जोडणीही आली, एनआरफिट म्हणतात तिला, साधी सिरिंज तिला बसतच नाही.

पोटॅशियम क्लोराइडचंही तसंच, रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की देतात ते औषध. पातळ न करता सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याचे अॅम्प्युल्स, म्हणजे छोट्या बंद कुप्या, साध्या वॉर्डातल्या कपाटातून काढूनच टाकले. तरी मी असे वॉर्ड पाहिलेत जिथे ते अजून डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी पडलेले असतात.

आपल्याकडे चूक झाली की आधी मेमो निघतो, सिस्टर असेल तर हमखास, म्हणून जे थोडक्यात टळलं ते कुणी सांगतच नाही. चुकीची सिरिंज ट्रेमध्ये आली आणि कुणीतरी वेळेत ओळखली, तर ते लिहून द्यायला हवं, कारण तेव्हा पेशंट धडधाकट असतो आणि ट्रे कसा लागला ते शांतपणे बघता येतं. पण फॉर्मवर पहिलाच रकाना 'जबाबदार कर्मचारी' असेल तर कोण लिहिणार हो?

कॅन्सर वॉर्डात काम करणाऱ्यांनी हे वाचलं असेल तर उद्या ड्युटीवर गेल्यावर फार्मसीत एवढंच विचारा, आपल्याकडे व्हिन्क्रिस्टीन बॅगेत येतं की सिरिंजमध्ये. सिरिंजमध्ये येत असेल तर ते बदलायला लेखी अर्ज द्या, आणि एकट्याने नको, डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट सगळ्यांनी सह्या करून द्या.