टेलला चालताना: ठाण्यातल्या ट्रेकिंग क्लबचा माझा अनुभव

लेक शिकायला पुण्याला गेली आणि माझे रविवार मोकळे पडू लागले, तेव्हा मी ट्रेकिंग क्लब शोधायला घेतला. वय सेहेचाळीस, नोकरी बसून करायची, आणि डोंगर म्हणजे शाळेच्या सहलीत पाहिलेला प्रतापगड. ठाण्यात ट्रेकला नेणाऱ्यांना तोटा नाही. हरिहर, कलावंतीण, कळसूबाई, सगळ्याच्या जाहिराती रोज फोनवर येतात, चहा-नाश्ता-फोटोसकट. माझा भाऊ पूर्वी भरपूर भटकलेला. तो म्हणाला, "दर विचारू नकोस. सगळ्यात शेवटी कोण चालतं, ते विचार." सगळ्यांच्या मागे चालून कुणी एकटं पडू नये हे बघायचं, या कामालाच ट्रेकवाले टेल म्हणतात.

मी तेच विचारत गेले. बहुतेक ठिकाणी उत्तर आलं, "काळजी करू नका मॅडम, लीडर असतो ना." एका क्लबमधल्या दादाने मात्र उलट मलाच प्रश्न विचारले. गुडघे दुखतात का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, उंचीची भीती वाटते का, एका दमात किती चालता. मग म्हणाला, "ताई, आधी महिनाभर येऊरला या. ट्रेकचं नंतर बघू." पैसे भरायला तयार असलेल्या माणसाला जो थांबवतो, त्याच्यासोबत डोंगरात जायला हरकत नाही, असं मला त्याच क्षणी वाटलं.

उपवन तलावापासून वर येऊरकडे जाणारा रस्ता ठाणेकरांना नवा नाही. पहाटे तिथे अर्धं ठाणं चालत असतं. आम्ही पाठीवर सॅक घेऊन चालायचो, सॅकेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. दादाचा नियम साधा होता: चढावर शेजारच्याशी दोन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला, कमी करा. बूट त्याने ॲक्शन ट्रेकिंगचेच घ्यायला लावले, महागातले नकोत म्हणाला. फॉर्म, रक्तगट, घरच्यांचा नंबर, वर्गणी हे सगळं पटकन झालं. प्रत्येक ट्रेकनंतर रिक्षाच्या भाड्यापर्यंतचा हिशोब ग्रुपवर पडतो, हेही मला फार आवडलं.

पहिला ट्रेक माहुलीचा. ठाणे जिल्ह्यातला उंच किल्ला, साधारण 2,815 फूट. आकडा ऐकून फार वाटत नाही. पण घाटमाथ्यावरच्या कित्येक किल्ल्यांची पायथ्याची गावंच उंचावर असतात, तसं इथे नाही. माहुली गाव कोकणपट्टीत, त्यामुळे जवळजवळ सगळी उंची पायांनीच कमवावी लागते. पहाटेच्या कसारा लोकलने आसनगाव, तिथून रिक्षाने गाव, देवळापाशी मोजणी आणि मग जंगलातून सोंडेवर चढ. डिसेंबर असूनही शर्ट पाठीला चिकटला होता.

माझ्या मागे क्लबचे एक काका होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्या दिवशी टेल त्यांच्याकडे होती. पूर्ण चढात ते एकदाही "चला चला" म्हणाले नाहीत. मला तहान लागायच्या आधी "पाणी प्या" म्हणायचे. आणि त्यांचा एक हट्ट होता, तो मी कधी विसरणार नाही. पुढचे लोक भराभर जातात, सावलीत बसतात, दमलेला माणूस तिथे पोचला की "आले सगळे, निघू या" म्हणत उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्याला ती मिळतच नाही. काका तिथे पोचले की लीडरला सांगायचे, "आता दहा मिनिटं." ती दहा मिनिटं माझ्या पोचण्यापासून मोजली जायची. मी माहुलीवर पोचले त्याचं मोठं श्रेय त्या दहा मिनिटांना आहे.

वरची लोखंडी शिडी चढून गेलं की माथा येतो. पडझड झालेला महादरवाजा, त्यातल्या पहारेकऱ्यांच्या देवड्या, पाण्याचं टाकं, खाली पसरलेला तानसा तलाव. निजामशाही वाचवायची धडपड करताना 1636 मध्ये शहाजीराजांनी शेवटी याच किल्ल्यावरून वेढ्याला तोंड दिलं. दादाने हे त्या देवडीत बसवूनच सांगितलं, आणि एक वाजला तसा सगळ्यांना उठवलं. एक वाजता जिथे असू तिथून परत, हे निघतानाच ठरलेलं होतं. हिवाळ्यात सहाला अंधारून येतं, झाडीत त्याच्याही आधी.

उतरताना एका मुलाच्या बुटाचा सोल निघाला. बूट जवळजवळ नवे दिसत होते, पण दोन-तीन वर्षं कपाटात पडून होते. काकांनी सॅकेतून सुतळी काढली. बांधायचं कसं तेही दाखवलं: वेढा चवड्याखालून आणि टाचेच्या पुढच्या खळग्यातून घ्यायचा, दोन्ही टोकं घोट्यापाशी फिरवून बांधायची, गाठ वर ठेवायची, कारण तळाला आलेली गाठ घसाऱ्यावर पाय फिरवते. पॉलीयुरेथेनचा सोल न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, आणि आपल्याकडे तर दमटपणा बारा महिने. तेव्हापासून मी ट्रेकच्या आदल्या आठवड्यात बूट घालून बाजारात जाऊन येते, नव्या मंडळींनाही तेच सांगते.

पुढच्या हंगामात दादाने मला विचारलं, "ताई, टेल घ्याल का?" मी दचकले. माझा वेग हळू, मी कुणाला काय सांभाळणार? तो म्हणाला, वेगाचा प्रश्नच नाही, आम्हाला टेलला बाई हवी आहे. कारण आधी कळलं नाही. एका ट्रेकला कळलं.

तिशीतली एक मुलगी अर्ध्या चढावर पोटरीत गोळा येऊन बसली. पाय चोळला, ताणला, तरी मिनिटाभरात पुन्हा गोळा. तिची बाटली पाहिली तर गळ्यापर्यंत भरलेली. घरून निघाल्यापासून तिने पाणी प्यायलंच नव्हतं. पुढे-मागे सगळे पुरुष, आडोशाला जायचं असेल तर सांगायचं कुणाला, म्हणून पाणीच टाळलं. ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कारण हे आपल्यातल्या कितीतरी बायका करतात, एसटीत, लग्नात, ऑफिसात. डोंगरात घाम लिटरने जातो, तिथे हे सरळ धोक्याचं आहे. तिला सावलीत बसवलं, ओआरएसचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यात कालवून घोट घोट दिलं. एक लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत कालवू नका, प्रमाण बिघडतं. मग आम्ही दोघी झाडीत जाऊन आलो, वाटेवर मी पाठ करून उभी राहिले, बाकीचे पुढच्या वळणावर थांबले. ती माथ्यावर पोचली.

आता मोजणीच्या वेळी मीच मोठ्याने सांगते: "बायकांनो, जायचं असेल तर मला सांगा, मी थांबेन, ग्रुपही थांबेल." सगळ्यांसमोर सांगते. एकदा ते बोललं गेलं की पुढचा दिवस सोपा जातो.

टेलच्या सॅकेत सुतळी, क्रेप बँडेज, विजेरी, जादा पाणी आणि शिट्टी असते. संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा. फाट्यावर प्रत्येकाने मागचा दिसेपर्यंत थांबायचं. माहुलीच्या रानात ढोरवाटा इतक्या आहेत की हा नियम मोडला तर माणूस हमखास चुकतो. कर्नाळ्याला आणखी एक भर: अत्तर, डिओ मारून कुणी आलं नाही ना, ते पायथ्यालाच विचारायचं. तिथल्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा तिन्ही त्यांना चिडवतात.

पावसाळ्यात आमचे ट्रेक रद्द होतात आणि नवे लोक नाराज होतात. खारघरच्या पांडवकड्याला तर पावसाळ्यात प्रवेशबंदीच असते, कारण तिथे माणसं बुडाली आहेत. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तोच परिसर आमच्या ओळखीचा. ज्यांच्या अंगणातून आम्ही वर जायचो, ती घरं गेली. त्या पावसात दादाने कुठलाच ट्रेक लावला नाही, आणि वर्गणी परत मागायची वेळ कुणावर आली नाही. त्याने स्वतःच सगळ्यांना पाठवली.

या हिवाळ्यात मुरबाडकडचा गोरखगड ठरला आहे. गुहेच्या वरचा टप्पा कातळात खोदलेल्या पायऱ्यांचा, एका बाजूला सरळ दरी, एका वेळी एकच माणूस. मी दादाला सांगितलंय की यादी लहान ठेवायची, आणि ज्यांना उंचीची भीती आहे त्यांच्यासोबत मी गुहेत थांबेन. गुहेतून समोर मच्छिंद्रचा सुळका दिसतो. येऊरची सकाळ या शनिवारपासून सुरू होतेय, यायचं असेल त्यांनी सॅक आणि दोन भरलेल्या बाटल्या घेऊन उपवनला यावं.