आमची वाटचाल: रात्रीचं विमान आणि एक मोकळा हात

२०१६ च्या नोव्हेंबरात मी १४ महिन्यांच्या लेकीला घेऊन एकटीच मुंबईहून फ्रँकफर्टला निघाले. नवरा कामासाठी आधीच तिकडे गेलेला. विमान मध्यरात्रीनंतरचं, म्हणजे पुण्यातून संध्याकाळीच गाडी काढलेली. मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलच्या त्या लखलखाटात लेक टक्क जागी, आणि माझ्या खांद्यावर इंटरनेटवरच्या याद्या वाचून जमवलेलं निम्मं दुकान.

वर गेल्यावर तिला पाणी पाजावं म्हणून स्ट्रॉच्या सिपरचं झाकण उघडलं, तर पिचकारी थेट शेजारच्या आजोबांच्या चष्म्यावर! सिपर जमिनीवर घट्ट बंद केलेला. वर केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तेवढाच. मग आत अडकलेली हवा पाण्याला ढकलते आणि पाणी स्ट्रॉतून वाट काढतं. हे शास्त्र मला नंतर कळलं. आजोबा साताऱ्याचे निघाले, नातवंडांकडे चालले होते. "असू दे गं, झोप उडाली, बरंच झालं," म्हणाले.

पहाटे लेकीला उलटी झाली. अंगातला टी-शर्ट डोक्यावरून काढताना जे व्हायचं ते झालं, सगळं केसांत. तेव्हा बॅगेच्या तळाशी सासूबाईंनी बळेच कोंबलेलं झबलं हाताला लागलं. समोरून बांधायचं, तीन नाड्यांचं. अंधारात, एका हाताने, मिनिटभरात घातलं. वर त्यांच्याच जुन्या साडीचं दुपटं गुंडाळलं आणि पोर झोपली. बाकी सामानातलं काहीही त्या रात्री कामाला आलं नाही. निघताना त्या झबल्यावरून मी नाक मुरडलं होतं, हेही सांगून टाकते.

आमचा धंदा सुरू झाला तो त्या झबल्यापासून. पुढच्या वर्षी एक मुदत ठेव मोडली, इचलकरंजीहून मऊ सुती कापडाचे तागे आणले आणि सोसायटीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंबरोबर घरच्या हॉलमध्ये बाळासोबतच्या विमानप्रवासासाठी ३० बॅगा शिवल्या. हौस दांडगी, त्यामुळे पहिल्या किटमध्ये २२ वस्तू होत्या! मानेची उशी, डोळ्यांवरची पट्टी, कापडी बाहुली, छोटा दिवा... भरलेली बॅग काट्यावर ठेवली तर साडेतीन किलो. केबिनमध्ये बहुतेक ठिकाणी सात किलोच नेता येतात, हे एका गिऱ्हाईक बाईंनी फोनवर शांतपणे लक्षात आणून दिलं.

दुसरा फोन वेल्क्रोचा. रात्री दोन वाजता, केबिनमधले दिवे मालवलेले, आणि डायपर काढायला बॅगेचा कप्पा उघडला की चर्रर्र! त्यांचं बाळ उठलं, मागच्या रांगेतलंही उठलं. आम्ही दुपारी हॉलमध्ये बसून वस्तू तपासायचो, तिथे तो आवाज कधी टोचलाच नव्हता. त्या दिवशी ताईंनी सगळे वेल्क्रो उसवले आणि टिचबटणं लावली. काळं अस्तरही काढून फिकट पिवळं घातलं, कारण काळ्या अस्तरात काळोखात चमचासुद्धा सापडत नाही. तेव्हापासून प्रत्येक नवा नमुना आम्ही रात्री दिवा मालवून, कडेवर पाच किलोची तांदळाची पिशवी घेऊन तपासतो. शेजाऱ्यांनी एकदा खिडकीतून पाहिलं होतं. काय समजले असतील देवच जाणे.

सगळ्यात मोठा फटका बसला तो फुगवायच्या पायउशांचा. सीटसमोरची मोकळी जागा भरून मुलाला आडवं करता येतं, म्हणून त्या हातोहात खपल्या. पण काही विमान कंपन्या त्या वापरूच देत नाहीत. एका जोडप्याला ऐन विमानात ती काढून ठेवायला सांगितलं, आणि चार वर्षांचा मुलगा मग जमिनीवर झोपायचा हट्ट धरून बसला. आम्ही सगळ्यांचे पैसे परत केले. उरलेल्या ४० उशा अजून माळ्यावर आहेत. गणपतीत सजावटीखाली उंची द्यायला उपयोगी पडतात.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आणि आमची कापडी बाहुली बाद झाली. तेव्हा मी चडफडले. पण खरं सांगायचं तर तिची आठवण कुणी काढली नाही. विमानात पोरं कागदी पेला आणि बॅगेची चेन यांच्याशीच खेळतात.

त्याच्या आधीच मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं थांबली होती. प्रवासच नाही, मग प्रवासाच्या बॅगा कोण घेणार? मास्क शिवले, बाळंतविड्याची दुपटी शिवली, ताईंचा पगार कसाबसा निघाला. २७ मार्च २०२२ ला नियमित उड्डाणं सुरू झाली आणि त्या मे महिन्यात आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. निम्म्या ऑर्डरी आजी-आजोबांच्या. नातवंडं न्यू जर्सीत नाहीतर मेलबर्नला जन्मलेली, दोन वर्षं फक्त मोबाइलवर पाहिलेली, आणि आता पहिल्यांदा पुण्याला येणार होती.

आज किटमध्ये सात वस्तू आहेत. बदलायच्या चटईला आतून फ्लॅनेल, बाहेरून रेनकोटचं कापड आणि कडेला खिसा. त्यात दोन डायपर आणि ओले रुमाल मावतात, म्हणजे विमानातल्या त्या चिंचोळ्या टॉयलेटमध्ये अख्खी बॅग न्यावी लागत नाही. आईसाठी घडी घालून मूठभर होणारा कुर्ताही असतो, कारण बाळाचे चार जोड घेणारी बाई स्वतःसाठी एकही घेत नाही. दुपट्याला मध्ये काजासारखी चीर ठेवली आहे. मांडीवरच्या बाळाच्या पट्ट्याचं बकल त्यातून बाहेर दिसतं, मग तपासायला आलेल्या हवाईसुंदरीला पांघरूण काढून बाळाला उठवावं लागत नाही. ही कल्पना नाशिकच्या एका गिऱ्हाईक बाईंची. त्यांच्याकडून आम्ही कधीच पैसे घेत नाही.

सोबत एक चिठ्ठी असते. सिपरचं झाकण वर गेल्यावर आधी सैल करा, मग उघडा. बासिनेट, म्हणजे विमानातला बाळाचा छोटा पाळणा, हवं असेल तर तिकीट काढल्या काढल्या कंपनीला फोन करा, वजनाची मर्यादा विचारा, आणि हवा खराब झाली की बाळाला त्यातून उचलून मांडीवर घ्यावं लागतं हे धरून चाला. विमान उतरायला लागलं की बाळाला पाजा. गिळताना कानाच्या नळ्या उघडतात आणि दडे कमी बसतात. झोपेचं सिरप द्यावं का, असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. आम्ही कापडवाले. तो प्रश्न मुलांच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि माझं मत हवंच असेल तर देऊ नका.

आता आमच्याकडे तीन मशीन आहेत आणि हॉल घरच्यांना परत मिळाला आहे. ताई कटिंगचं सगळं पाहतात. सध्या त्यांचा आणि माझा वाद झबल्याच्या नाड्यांवरून चालू आहे. त्यांना त्या बोटभर लांब हव्यात, मला भीती की बाळ तोंडात घालेल. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "घालणारच की. म्हणून तर त्या सुती ठेवायच्या."